‘अज्ञात’ या शब्दाविरुद्ध अर्ज

अर्जदार: प्रस्तुत लेखक. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण इयत्ता नववी (अनुत्तीर्ण नव्हे, सोडलेली), व्यवसाय अर्जनवीस, राहणार नाशिक.

जाबदार: कोणीही नाही. याचे स्पष्टीकरण पुढे येईल.

साक्षीदार क्रमांक एक: पेठच्या बाजूच्या एका डोंगरी गावातील मुखवटे घडवणाऱ्या वृद्ध कारागिराची मुलगी, नाशिकमधील एका दवाखान्यात परिचारिका. क्रमांक दोन: एक सेवानिवृत्त ग्रंथपालबाई. क्रमांक तीन: एक सद्गृहस्थ अथवा सद्गृहिणी, त्यांचे तोंड मी आजवर पाहिलेले नाही आणि टोपणनावावरून काही उमगत नाही.

घटनेचा काळ: होळीनंतरचा उन्हाळा ते द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी.

घटनेचे ठिकाण: नाशिक शहर, उपरोक्त डोंगरी गाव, तसेच इंटरनेटवरील सर्वांनी मिळून लिहावयाच्या ज्ञानकोशातील एक पान.

नावे लिहिलेली नाहीत. नाव, वय, धंदा, राहणार या चार खांबांवर ज्याने आयुष्यभर अर्ज उभे केले त्याने नावे गाळावीत, ही गोष्ट सहज घडलेली नाही. ती कशी घडली हेच प्रस्तुत निवेदनाचे कारण आहे.

माझे टेबल सरकारी कचेऱ्यांच्या समोर एका कडुनिंबाखाली असते. पूर्वी त्यावर टंकयंत्र होते, आता लॅपटॉप आहे; टेबल तेच आहे. दिंडोरीकडचे बागायतदार शेजाऱ्याच्या फवारणीने आपली बाग जळाल्याची तक्रार घेऊन येतात. देवळाली कॅम्पातून जवानांच्या पत्नी निवृत्तिवेतनाच्या नोंदीतील चुका घेऊन येतात. माणूस बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे इकडेतिकडे सांडत असते; मी ते गोळा करतो, ओळीत बसवतो आणि त्याला ‘सबब’ व ‘तरी’ यांची भक्कम कडी घालतो. माझा एक अर्ज वाचून एका साहेबांनी हा कोणत्या वकिलाने लिहिला असे विचारले होते. मी ही गोष्ट फुशारकीसाठी सांगत नाही. पुढे मला माझ्या लेखणीबद्दल जे ऐकावे लागले, त्याचा धक्का वाचकांस समजावा म्हणून सांगतो.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी साक्षीदार क्रमांक एक माझ्या टेबलाशी आल्या. अंगावर दवाखान्याचा गणवेश, हातात मोबाइल.

“काका, एक अर्ज लिहून पाहिजे.”

“कोणाकडे करायचा?”

“तेच तर माहीत नाही.”

असे पक्षकार येतात. मी त्यांना बसवले. त्यांनी मोबाइलवर ज्ञानकोशातील बोहाडा या उत्सवाचे पान काढून दाखवले. ज्यांना बोहाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी नमूद करतो की, आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत होळीनंतर हा उत्सव भरतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर गावकरी सोंगे नाचवतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवावे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्या पानावर रावणाच्या दहातोंडी मुखवट्याचे छायाचित्र होते आणि त्याखाली लिहिले होते, ‘मुखवटा; कारागीर अज्ञात’.

“हा रावण माझ्या बानं केलाय,” बाई म्हणाल्या. “अज्ञात कसा? सकाळी उठतो, बिडी ओढतो, आईशी भांडतो. घरात बसून भाकरी खातो तो माणूस अज्ञात असतो का हो?”

“मुखवट्यावर त्यांनी नाव का नाही घातले?”

“देवाच्या तोंडावर कुणी नाव घालतं का? एकदा पूजेत गेला की देवाचा झाला. आमच्याकडं तसं करत नाहीत.” मग त्यांनी मोबाइलवर बोट ठेवले. “मुखवट्यावर नको. पण इथं तरी पाहिजे. बा सत्तरीच्या पुढं गेलाय. तो असताना हा शब्द जायला पाहिजे. मला दुसरं काही नको.”

मागणी न्याय्य होती. अडचण होती ती ‘प्रति’ची. अर्जातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच. बाकीचा मजकूर सोन्याचा असला आणि ‘प्रति’ चुकली तर अर्ज बेवारस होतो. ज्ञानकोशाचा मुख्य अधिकारी कोण, कार्यालय कोठे, आवक-जावक कोण पाहतो, यांपैकी काहीच त्या पानावर सापडेना. माझ्या शेजारी मुद्रांक विकणारे गृहस्थ बसतात. त्यांना विचारले तर ते म्हणाले, “काय वकीलसाहेब, आता इंटरनेटवर दावा ठोकता काय? समन्स कुणाला, वायफायला?”

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले आणि ‘प्रति, माननीय मुख्य अधिकारी, ज्ञानकोश विभाग, यांचे सेवेशी’ असा अर्ज तयार केला. विषय लिहिला: ‘अज्ञात हा अवमानकारक शब्द तात्काळ वगळणेबाबत’. तीन प्रती काढल्या. पुढे चौकशीअंती समजले की शहरातील एका वाचनालयाच्या सभागृहात रविवारी या ज्ञानकोशात लिहू इच्छिणाऱ्या नवख्यांना शिकवले जाते. इस्त्रीचा सदरा घालून, तिन्ही प्रती घेऊन मी तेथे गेलो.

शिकवणाऱ्या होत्या साक्षीदार क्रमांक दोन. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, बोलणे शांत, पण बोट ठेवतील ते नेमके. सभागृहात कॉलेजची मुलेमुली आणि दोन शिक्षक होते. मी अर्ज पुढे केला. बाईंनी तो उभ्यानेच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हे मी आवर्जून नमूद करतो. माझे हजारो अर्ज साहेबलोकांच्या टेबलांवर गेले असतील. माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण वाचला गेलेला तो पहिला.

“लिहिलंय छान,” त्या म्हणाल्या. “पण हा द्यायचा कुणाला?”

“आपल्या साहेबांना.”

“इथे साहेब नाहीत.”

“मग केव्हा येतात?”

मुले हसली. बाई हसल्या नाहीत. “येत नाहीत. नाहीतच मुळी. ज्याला चूक दिसली त्यानं ती दुरुस्त करायची. ओढा ती खुर्ची, बसा.”

मी बसलो. आजवर मी नेहमी साहेबांच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूस राहिलो. चूक कळवावी, दुरुस्तीची विनंती करावी आणि वाट पाहावी, हा माझ्या धंद्याचा पाया. चूक दिसली तर तूच दुरुस्त कर, असे मला त्यापूर्वी कोणी म्हटले नव्हते. जाबदार कोणीही नाही असे मी आरंभी लिहिले ते यामुळे.

बाईंनी लागलीच दुसरा प्रश्न टाकला. “कारागिराचं नाव कुठे छापलेलं आहे?”

“छापायचे कशाला? त्यांच्या मुलीने मला समक्ष सांगितले.”

“ते तुम्हाला कळलं. वाचणाऱ्याला कसं पटावं? आधी छापील पुरावा शोधा, मग नाव घाला.”

एक नाव घालण्यासाठी एवढा खटाटोप, तर पूर्ण चरित्रच का लिहू नये, असे माझ्या मनाने घेतले. छायाचित्राखालची ओळ लिहिणे माझ्या लेखणीस शोभणारेही नव्हते. आठवड्याभरात मी त्या कारागिराचे चरित्र लिहून सदर ज्ञानकोशात दाखल केले. सुरुवात अशी होती: ‘महाराष्ट्राच्या कलाक्षेत्रातील थोर तपस्वी, ज्यांच्या बोटांतून साक्षात देवता प्रकट होतात, असे श्रीयुत अमुक अमुक, वय अंदाजे बहात्तर, धंदा शेती व कारागिरी, राहणार अमुक, मोबाइल क्रमांक अमुक...’ शेवटही रीतीप्रमाणे केला होता: ‘तरी वाचकांनी सदर कलावंताची योग्य ती दखल घ्यावी ही नम्र विनंती.’

पुढच्या रविवारी बाईंनी ते पान मोठ्या पडद्यावर लावले. “मोबाइल नंबर मी काढून टाकलाय,” त्या प्रथम म्हणाल्या. “जिवंत माणूस आहे तो. उद्या भलतेसलते फोन यायला लागले तर उचलणार कोण, तुम्ही?” मग पहिल्या ओळीवर बोट ठेवले. “थोर. कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“तुम्ही कोण?”

“मी अर्जनवीस.”

“इथे तुम्ही कोणी नाही,” त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या. “मीही कोणी नाही. एखाद्या जाणकारानं थोर म्हटलं असेल, तर अमक्यानं असं म्हटलं म्हणून लिहू. नाहीतर त्यांनी काय केलं ते लिहा. लाकूड कोणतं, कागदाचा लगदा कसा, किती गावांत मुखवटे गेले. थोर की नाही ते वाचणारा ठरवील.”

“आणि तपस्वी?”

“तोही जाईल.”

“देवता प्रकट होतात?”

मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “काका, त्याला संदर्भ कुठून आणणार?” सगळे हसले. या खेपेस मीही हसलो.

असे करत करत माझ्या पानभर मजकुरातून तीन ओळी उरल्या. शेतातले तण काढावे तशी बाई विशेषणे उपटत होत्या. मी दुखावलो, हे खरे. घरी येऊन त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आले की त्यांत माणूस अधिक स्पष्ट दिसतो. एरवी माझ्या अर्जांत पक्षकाराच्या पुढे मीच उभा असतो.

एक कलम मात्र मी भांडून ठेवू पाहिले. त्या कारागिराचे शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या कारागिराशी बांधावरून वैर आहे. या माणसाने किती सोसले ते कळावे म्हणून मी ‘शेजाऱ्याने बांध कोरून अन्याय केला’ असे लिहिले होते.

“तो शेजारी जिवंत आहे?” बाईंनी विचारले.

“आहे.”

“त्याचं म्हणणं काय?”

“ते त्याच्या अर्जात येईल.”

बाईंनी चष्मा काढला. “अहो, इथे त्याचा वेगळा अर्ज नसतो. एकच पान असतं. दोघांचं, गावाचं, सगळ्यांचं. एकाच बाजूचं लिहायचं असेल तर तुमचं टेबल आहेच की कडुनिंबाखाली.”

मी कलम काढले. माझा धंदा एका बाजूचा आहे हे मला ठाऊक होते. त्यात मला कधी काही वावगे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तथापि दोन्ही बाजू एकाच पानावर बसवण्याचे काम अधिक कठीण आहे आणि ते बिनपगारी माणसे रोज करत असतात, हे पाहून मी मनातल्या मनात हात जोडले.

छापील पुराव्याचा प्रश्न उरलाच होता. त्यावर मी जो उपाय केला तो माझ्या धंद्यातील माणसाखेरीज कोणाच्या डोक्यात येणार नाही. साक्षीदार क्रमांक एक यांच्या सुटीच्या दिवशी पेठची बस धरून आम्ही त्यांच्या गावी गेलो. घाटातून उतरल्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, पेरणीची तयारी चाललेली. घराच्या ओट्यावर वृद्ध कारागीर पांगाऱ्याचे लाकूड तासत बसले होते. मी आल्याचे प्रयोजन सविस्तर सांगितले. त्यांनी तासायची वाकस थांबवली नाही.

“मशीनीत नाव घालनार?”

“होय. सर्व जगास दिसेल.”

“जगाला काय करायचंय? गावाला ठावं हाय.” मग मुलीकडे पाहून म्हणाले, “हिला पायजे तर घाला. हिची हौस हाय. चा घ्या.”

मुलगी म्हणाली, “बा, नीट बोल की. काका लांबून आल्यात.”

“मग नीटच तर बोलतोय. चा घ्या म्हनलं.”

गावातल्या जाणत्या मंडळींना मी एकत्र केले. हा रावण यांनीच केला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले, अशी प्रतिज्ञापत्रे केली. कोणी सह्या केल्या, कोणी अंगठे उठवले. आधार क्रमांक, पत्ते, सर्व यथास्थित लिहिले. नाशिकला येऊन रीतसर मुद्रांकावर नोटरी केली. असा पक्का पुरावा मी क्वचितच तयार केला असेल. सर्व कागद स्कॅन करून मी चरित्राच्या पानावर संदर्भ म्हणून चढवले आणि समाधानाने चहा मागवला.

चहा संपण्याआधी बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच काय तो ऐकला. “आधी ते उतरवा! अहो, गरीब माणसांचे आधार नंबर सगळ्या जगाला वाटून टाकलेत तुम्ही!”

मी उतरवले. पानाच्या इतिहासात मागे राहिलेली प्रतही कोणाला दिसू नये याची व्यवस्था बाईंनी केली. प्रस्तुत निवेदनात नावे गाळलेली आहेत ती या धड्यामुळे. संध्याकाळी मी वाचनालयात त्यांच्यासमोर बसून वाद घातला. माझे म्हणणे असे की, प्रतिज्ञापत्रापेक्षा थोर पुरावा कोणता? वर्तमानपत्र शपथ घेत नाही, पुस्तक शपथ घेत नाही. माझे साक्षीदार शपथेवर बोलले होते.

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. “छापील कागद शपथ घेत नाही. पण तो तुम्हाला ओळखत नाही. त्याची किंमत त्यातच आहे. तुमची प्रतिज्ञापत्रं तुम्ही गोळा केलीत, तुम्ही लिहिलीत. उद्या कुणीही आपल्या काकाला थोर म्हणवणारी दहा प्रतिज्ञापत्रं आणील. आपण त्या सगळ्यांना काय सांगायचं? आणि नागपूरच्या वाचकानं या गावात येऊन कुणाला विचारायचं?”

यावर माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. ते मी विनंतीच्या परिच्छेदात मांडले आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या चरित्राच्या माथ्यावर एक पट्टी झळकली. ‘हा लेख वगळण्यासाठी प्रस्तावित आहे. विषयाची उल्लेखनीयता सिद्ध करणारे स्वतंत्र संदर्भ आढळत नाहीत.’ खाली साक्षीदार क्रमांक तीन यांचे टोपणनाव. सोप्या भाषेत सांगायचे तर, ज्या माणसाविषयी त्याच्याशी संबंध नसलेल्या लोकांनी पुरेसे छापलेले नाही, त्याचे चरित्र तेथे ठेवता येत नाही.

मी त्यांना तत्काळ विरोधी पक्ष ठरवले. लेखासोबत असणाऱ्या चर्चेच्या पानावर मी जे उत्तर लिहिले ते माझ्या उत्कृष्ट निवेदनांपैकी एक होते, असे मी आजही मानतो. त्यात घटनेने दिलेली समानता होती, डोंगरी माणसांची उपेक्षा होती आणि ‘विरोधी पक्षाचा हेतू शुद्ध नाही’ असेही एक वाक्य होते. मुद्रांकवाल्यांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अर्ध्या तासात माफी मागतोय बघा तो.”

माफी आली नाही. उत्तर आले, तेही नम्र. ‘आपली तळमळ समजली. हेतूविषयी शंका न घेता पुराव्याविषयी बोलू. बोहाड्यावर बरेच संशोधन झाले असावे. मला शोधायला थोडा वेळ द्यावा.’

मला शोधायला वेळ द्यावा! ज्याने लेख काढून टाकावा असे म्हटले, तोच माझ्या बाजूचा पुरावा शोधायला निघाला. मी कचेरीबाहेर इतकी वर्षे काढली. समोरच्या पक्षाच्या वकिलाने आमच्या अशिलासाठी कागद शोधून आणला, असे मी ना पाहिले ना ऐकले. मी मुद्रांकवाल्यांना सांगितले. ते म्हणाले, “काहीतरी डाव असणार.” डाव नव्हता. काही दिवसांनी त्या माणसाने, किंवा बाईने, जिल्ह्याच्या लोककलांवरील एका जुन्या संशोधनग्रंथातील पानांची माहिती आणून चर्चेच्या पानावर ठेवली. ग्रंथपालबाईंनी तो ग्रंथ वाचनालयाच्या कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात त्याच रावणाचे छायाचित्र होते; डावीकडच्या एका तोंडाची अर्धी मिशी ज्ञानकोशातल्या छायाचित्रासारखीच उडालेली. शंका घ्यायला जागा नव्हती. आणि मजकुरात कारागिराचे नाव होते.

एक नव्हे, दोन नावे होती. ग्रंथकाराने लिहिले होते की गावातले मुखवटे दोघे मिळून करतात. तोंडे घडवण्याचे काम पहिल्याचे, जोडणी आणि रंग दुसऱ्याचे. दुसरा पहिल्याकडे शिकला. पहिले नाव बांधाच्या पलीकडच्या शेजाऱ्याचे होते.

मी साक्षीदार क्रमांक एक यांना बोलावून घेतले. त्यांनी वाचले. मग ग्रंथ माझ्याकडे सरकवला.

“आमचं बोलणं नाही त्यांच्याशी,” त्या म्हणाल्या. “माझ्या लग्नालासुद्धा आले नाहीत.”

“ग्रंथात चूक असेल तर सांगा. मी तसे मांडतो.”

त्यांनी ग्रंथ पुन्हा ओढून घेतला आणि ते छायाचित्र पाहिले. माझ्या धंद्यात हा क्षण वारंवार येतो. पक्षकार अशा वेळी म्हणतो, तेवढे सोडून बाकीचे लिहा. आणि मी लिहितो. तेव्हाही माझ्या मनात तेच आले: ग्रंथातले आपले नाव उचलावे, शेजाऱ्याचे तेथेच राहू द्यावे. मी ग्रंथपालबाईंकडे पाहिले. त्यांनी दोन्ही नावांखाली बोट ठेवले.

“खोटं नाही,” साक्षीदार क्रमांक एक म्हणाल्या. “तोंडं त्यांचीच. बा आधी त्यांच्या ओट्यावरच बसायचा. मी लहानपणी जेवण घेऊन जायची दोघांचं.” मग एकदम, “पण काका, बाचं नाव तरी पहिलं घ्या ना.”

मी ग्रंथपालबाईंना विचारले. बाई म्हणाल्या, “ग्रंथात ज्या क्रमानं आहेत त्या क्रमानं.”

“म्हणजे इथंही तेच पुढं!” साक्षीदार क्रमांक एक म्हणाल्या आणि कपाळाला हात लावून हसू लागल्या. “घाला. दोन्ही घाला. बाला मी सांगते कसं ते. अज्ञात तरी जाईल.”

चर्चेचा निकाल लागला. एका ग्रंथातल्या दोन परिच्छेदांवर स्वतंत्र चरित्र उभे राहू शकत नाही, असे ठरले. माझे स्वतंत्र पान मिटवून त्याचा जुना इतिहास तेवढा राखण्यात आला. त्यातला जेवढा मजकूर ग्रंथाने पेलला तेवढा बोहाड्याच्या लेखात, मुखवट्यांच्या भागात समाविष्ट झाला. तो तेथे बसवला साक्षीदार क्रमांक तीन यांनी. आणि छायाचित्राखालची ओळ बदलण्याचे काम त्यांनी माझ्यासाठी ठेवले. चर्चेत लिहिले, ‘ही दुरुस्ती आपण करावी, हक्क आपला आहे.’

मी बाईंच्या शेजारी बसून ती ओळ बदलली. दोन नावे, त्यांच्यापुढे ग्रंथाचा संदर्भ. विशेषण एकही नाही. जतन करा असे दाबल्यावर पानाच्या इतिहासात नोंद उमटली: अमुक वेळी, अमुक सदस्याने, अमुक बदल केला. माझ्या आधीच्या सर्व चुकांच्या नोंदीही त्या जुन्या पानाच्या इतिहासात आहेत. ते आधार क्रमांक आणि तो मोबाइल क्रमांक यांखेरीज काहीच झाकलेले नाही. मला त्याचा संकोच वाटत नाही. मी दिलेला कागद पुढे कोठे जातो हे मला आजवर कोणी दाखवले नव्हते. तेथे अल्पशिक्षित अर्जनविसाच्या एका ओळीचाही माग राहतो, आणि तो कोणासही पाहता येतो. अशी व्यवस्था माणसांनी पगाराशिवाय, शिक्क्याशिवाय आणि एकमेकांची तोंडेही न पाहता उभी केली आहे. मी तिच्याविषयी जे लिहिले आहे त्यात ‘थोर’ हा शब्द वापरण्याची मला अनावर इच्छा झाली. मी तो वापरलेला नाही.

साक्षीदार क्रमांक एक सुटीत गावी जाऊन वडिलांना ते पान दाखवून आल्या. मी विचारले, काय म्हणाले? म्हणाल्या, “म्हणाला, फोटोत रंग फिका आलाय. असा नव्हता माझा रावण.”

“आणि ते दुसरे नाव?”

“ते बघितलं त्यानं. मला म्हणाला, पुन्हा दाखव. दोनदा दाखवलं.”

त्यांची मागणी पूर्ण झाली होती. चरित्र व्हावे हा हट्ट माझा होता, आणि तो अद्याप सुटलेला नाही. मी आता दर रविवारी त्या सभागृहात जातो. नवीन माणूस विशेषणे घेऊन आला की बाई त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्याला विचारतो, कोण म्हणतं? तो म्हणतो, मी म्हणतो. मग मी त्याला खुर्ची देतो.

सबब, विनंती येणेप्रमाणे.

ज्ञानकोशाच्या समस्त संपादकांचे सेवेशी सादर करण्यात येते की, स्वतंत्र व छापील पुराव्याचा आपला नियम मला मान्य आहे आणि तो शिथिल करावा अशी माझी मागणी नाही. तथापि ज्या गावांत कोणी छापणारा पोहोचलाच नाही, तेथील माणसांचे काय, हा प्रश्न मी चर्चेच्या पानावर मांडला आहे. जाणकार त्रयस्थ व्यक्तींनी, विद्यापीठाच्या वा संग्रहालयाच्या देखरेखीखाली, गावकऱ्यांच्या कथनांचे ध्वनिमुद्रण करून ते सर्वांना ऐकण्यास खुले ठेवल्यास त्याचा संदर्भ ग्राह्य धरता येईल काय, यावर आपण विचार करावा. तसेच प्रस्तुत निवेदन वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे पेठ-सुरगाण्याकडील मुखवटे घडवणाऱ्यांविषयी छापलेला लेख, स्मरणिका अथवा प्रदर्शनाची पुस्तिका असेल, तर त्यांनी ती जवळच्या वाचनालयात दाखवावी. त्यात दोन्ही कारागिरांची नावे असल्यास उत्तम. एकाचेच असल्यास तेही चालेल, दुसऱ्याचे आपण शोधू.

उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते कारणांसह मिळावे. आणि ते दोन्ही कारागिरांच्या हयातीत मिळावे, ही प्रार्थना.

अर्जदार, स्वतः